खाणीवरच्या गाड्यांत वायरलेस बसवताना: सेट, अँटेना आणि वायरिंगची निवड

दगडखाण, क्रशर, रस्त्याचे किंवा बोगद्याचे काम. आठ-दहा टिपर, दोन पोकलेन, एक लोडर, पाण्याचा टँकर आणि साहेबांची बोलेरो. अशा ठिकाणी गाड्यांमध्ये वायरलेस सेट बसवायचे ठरले की पहिला प्रश्न असतो, "किती वॅटचा घ्यायचा?" हा प्रश्न यादीत बराच खाली यायला हवा. अँटेना कुठे बसतो, केबल कशी जाते आणि बॅटरीपासून सेटपर्यंत वीज कशी येते, या तीन गोष्टींवर बोलणे पोचणार की नाही हे ठरते.

कारण साधे आहे. २५ वॅटऐवजी ५० वॅटचा सेट घेतला तर समोरच्याकडे पोचणारी ताकद फक्त ३ डेसिबलने (ताकदीतला फरक मोजायचे एकक) वाढते आणि कानाला फरक जेमतेम कळतो. जमिनीलगतच्या संपर्कात अंतर दुप्पट करायचे तर ताकद साधारण १६ पट लागते. शिवाय वाढवलेले वॅट फक्त बोलताना उपयोगी पडतात, ऐकताना त्यांचा काही फायदा नाही. अँटेना बंपरवरून टपाच्या मध्यावर नेला तर बोलणे आणि ऐकणे दोन्ही सुधारते, आणि त्याला वीजही जास्त लागत नाही.

आधी नकाशा

कामाच्या जागेचा नकाशा काढून त्यावर चार गोष्टींच्या खुणा करा: ऑफिस किंवा वजनकाटा, खाणीचा तळ, क्रशर आणि गाड्या जिथपर्यंत जातात ते शेवटचे टोक. मधल्या टेकड्या आणि खाणीच्या उभ्या भिंतीही दाखवा.

आता अंतराचा अंदाज. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ काढा आणि ४.१२ ने गुणा. त्या अँटेनाचे क्षितिज इतके किलोमीटर. दोन्ही टोकांचे आकडे मिळवा. २५ मीटरच्या मास्टला (अँटेनाच्या उंच खांबाला) २०.६ आणि ४ मीटर उंचीवर अँटेना असलेल्या टिपरला ८.२ येतात. बेरीज साधारण २९ किलोमीटर. बोलेरोच्या टपावर २ मीटर धरले तर दोन बोलेरोंमध्ये ११-१२ किलोमीटर. हे सगळे सपाट माळावरचे आकडे आहेत. सह्याद्रीच्या उतारांवर निम्मे मिळाले तरी चांगले म्हणायचे, आणि मध्ये कातळाचा कडा आला तर अर्ध्या किलोमीटरवरही संपर्क तुटतो.

खाणीच्या तळातून थेट काट्याशी बोलता यावे असे वाटत असेल आणि मध्ये तीस-चाळीस मीटरची भिंत असेल, तर सेटचे वॅट वाढवून काही होत नाही. तिथे खाणीच्या काठावर, तळ आणि रस्ता दोन्ही दिसतील अशा जागी रिपीटर लागतो. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तेच पुढे पाठवतो. त्यासाठी दोन फ्रिक्वेन्सींची जोडी, एकच अँटेना वापरायचा तर डुप्लेक्सर (पाठवणे आणि ऐकणे एकमेकांत मिसळू न देणारा डबा), आणि वीज गेली तरी चालेल अशी बॅटरी हवी. हा निर्णय खरेदीच्या आधी व्हायला हवा, कारण परवान्याचा अर्ज त्यावर बेततो.

परवाना हातात येईपर्यंत अँटेना घेऊ नका

भारतात अशा कामासाठी फ्रिक्वेन्सी देते ती दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखा, म्हणजे डब्ल्यूपीसी. अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. त्यात किती सेट, किती वॅट, मास्ट कुठे आणि किती उंच, हे द्यावे लागते. सेटच्या मॉडेलला ईटीए, म्हणजे उपकरण मंजुरी, आहे का हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

परवाना न लागणारा पट्टा आहे, तो ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ. पण तिथे अर्ध्या वॅटची मर्यादा आहे. क्रशरजवळच्या दोन माणसांना तो पुरतो, टिपरला नाही. ऑनलाइन मिळणारे स्वस्त दोन-बँडचे हॅण्डसेट कोणत्याही फ्रिक्वेन्सीवर लावता येतात, म्हणून ते कायदेशीर ठरत नाहीत. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीविरुद्ध मार्गदर्शक सूचनाच काढल्या. १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या, परवानाधारकांचे आहेत. तिथे धंद्याचे बोलणे चालत नाही, मालकाकडे स्वतःचा हॅम परवाना असला तरी.

अँटेना थांबवायचा तो यासाठी, की त्याची लांबी फ्रिक्वेन्सीवर ठरते. १५५ मेगाहर्ट्झसाठी कापलेली काडी १६८ वर नीट चालत नाही.

व्हीएचएफ की यूएचएफ

टेकड्यांचा, झाडीचा मोकळा मुलूख आणि लांबची अंतरे असतील तर व्हीएचएफ, म्हणजे १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ. टेकडीच्या खांद्यावरून ती थोडी वळते, आणि पावसाळ्यातल्या ओल्या झाडीत कमी अडते. लोखंडी शेड, क्रशरचा सांगाडा, इमारती, बोगद्याचे तोंड अशा ठिकाणी यूएचएफ, साधारण ४०० ते ४७० मेगाहर्ट्झ. तिची लहर आखूड असल्याने फटींतून, खिडक्यांतून शिरते. अँटेनाही आखूड असतो आणि इंजिनाचा विजेचा खरखराट कमी त्रास देतो. दोन्ही प्रकारचे सेट मिसळून घेऊ नका. व्हीएचएफचा सेट यूएचएफच्या सेटशी बोलत नाही.

मोबाईलच्या सिमवर चालणारे पीटीटी (बटण दाबून बोलायचे) सेटही मिळतात. शहरात, महामार्गावर, पूर्ण नेटवर्कच्या भागात ते सोयीचे आहेत आणि अंतराची मर्यादाच नसते. पण घाटाच्या पोटात किंवा खाणीच्या तळात टॉवर नाही, म्हणजे संपर्क नाही. ब्रेक फेल झालेल्या गाडीची हाक ज्या यंत्रणेवर द्यायची, ती दुसऱ्याच्या टॉवरवर अवलंबून ठेवू नये.

सेट

गाडीत पक्का बसवायचा मोबाईल सेट २५ वॅटचा घ्या. खाणीसारख्या कामाला तो भरपूर होतो. केबिनमध्ये बसून हॅण्डसेटवर बोलणे हा पर्याय समजू नका. हॅण्डसेट ४-५ वॅटचा, आखूड रबरी अँटेनाचा, आणि भोवती पत्र्याची पेटी. पत्र्यातच बरीचशी ताकद जिरते.

मोटोरोला, केनवूड, आयकॉम, हायटेरा यांपैकी कोणताही घ्या, पण सगळे एकाच पद्धतीचे घ्या. डिजिटल घ्यायचे तर डीएमआर या पद्धतीचे. त्यात १२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनलवर दोन स्वतंत्र बोलणी चालतात: एकीकडे टिपर आणि काटा, दुसरीकडे मेंटेनन्स. शिवाय जीपीएसवरून गाडी कुठे आहे ते दिसते. डिजिटलची एक सवय मात्र सगळ्यांना समजावून सांगायला हवी. अ‍ॅनालॉगमध्ये अंतर वाढले की आवाज हळूहळू खरखरतो आणि ड्रायव्हरला आधीच अंदाज येतो. डिजिटलमध्ये शेवटपर्यंत आवाज स्वच्छ असतो आणि मग एकदम तुटतो.

टिपरच्या केबिनमध्ये इंजिनाच्या आवाजावर मात करायला सेटचा आतला स्पीकर पुरत नाही. बाहेरचा स्पीकर ड्रायव्हरच्या कानाच्या उंचीला, मागच्या भिंतीवर लावा. माइकची वायर गिअरच्या दांड्यात अडकणार नाही अशी टांगा. प्रोग्रामिंगच्या वेळी सलग बोलण्याला ६० सेकंदांची मर्यादा घालून घ्या. सीटखाली दबलेल्या माइकचे बटण अडकले की पूर्ण चॅनल बंद पडतो, आणि नेमका कोणता सेट अडकलाय हे शोधण्यात तास जातो.

अँटेना: प्रकार आणि जागा

गाडीच्या अँटेनाचा अर्धा भाग म्हणजे खालचा पत्रा. पाव लहरीची (रेडिओ लहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढी) काडी पत्र्याच्या आधारावर काम करते. पत्रा नसेल तर काडी अर्धीच राहते. पाव लहरीची लांबी सेंटिमीटरमध्ये काढायची तर ७१२५ ला मेगाहर्ट्झने भागा. १५५ साठी ४६ सेंटिमीटर, ४५० साठी १६ सेंटिमीटरच्या आसपास.

पाच-अष्टमांश लहरीचा लांब अँटेना व्हीएचएफवर जवळजवळ सव्वा मीटरचा होतो. कागदावर तो ३ डेसिबल जास्त देतो, कारण तो ताकद क्षितिजाच्या दिशेला दाबतो. सपाट मुलखात हे चांगले. पण रिपीटर डोक्यावरच्या कड्यावर आणि गाडी खाली तळात, अशा वेळी वरच्या दिशेलाही ताकद जायला हवी. तिथे साधी पाव लहरीची काडी बरी. घाटात फांद्या लागतात त्यानेही लांब काडी लवकर मोडते. घ्यायचीच तर खाली स्प्रिंग असलेली घ्या.

जागेची पसंती अशी: टपाचा मध्य, मग टपाची कड, मग बॉनेटची कड, आणि अगदी शेवटी बंपर. टपाच्या मध्यावर चारही दिशांना सारखा पत्रा मिळतो. कडेला लावलेला अँटेना पत्रा जिकडे जास्त त्या दिशेला जास्त फेकतो. दुसरा सेट किंवा हूटर-दिव्याची पट्टी असेल तर शक्य तितके, निदान अर्धा मीटर, अंतर ठेवा.

बोलेरो, पिकअप, लोखंडी टपाची रुग्णवाहिका यांना एनएमओ बेस (टपाला भोक पाडून पक्का बसणारा अँटेनाचा पाया) बसवा. भोक पाडायला मालक कचरतात, पण हेच सर्वांत टिकाऊ काम आहे:

१. आतले छताचे कापड मोकळे करा. खाली पत्र्याची फासळी किंवा दिव्याची वायर नाही ना, ते बघा. नव्या गाड्यांत छताच्या कडेने पडद्याची एअरबॅग असते. तिच्यावरून केबल नेऊ नका.
२. मध्य मोजून खूण करा, ३ मिलिमीटरचे भोक पाडा, मग १९ मिलिमीटरच्या होल सॉने हलक्या हाताने मोठे करा.
३. भोकाची धार कानशीने साफ करा. कण व्हॅक्यूमने ओढून घ्या. राहिले तर पहिल्या पावसात टपावर गंजाचे ठिपके पडतात.
४. आतल्या बाजूने, बेसची कडी टेकते तेवढाच रंग खरवडून पत्रा उघडा करा. अँटेनाचे अर्थिंग इथेच पत्र्याला मिळते. वरून रंग खरवडू नका.
५. वरच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस लावून हाताने घट्ट करा. पान्याने पिळले की रिंग चिरडते आणि पाणी आत शिरते.

मॅग्नेटचा बेस तात्पुरत्या गाडीला ठीक. क्रशरच्या धुळीत लोखंडी कण असतात. ते मॅग्नेटखाली साचून रंग घासतात आणि अँटेना सरकतो. दाराच्या रबरातून आत घेतलेली केबल रोज दाबली जाऊन आतून मोडते.

टिपरला वेगळा विचार लागतो. हौद्याचा पुढचा पत्रा केबिनच्या टपावर छत्रीसारखा येतो, त्यामुळे टपाच्या मध्यावर अँटेना उभाच राहत नाही. आरशाच्या दांड्यावर किंवा टपाच्या पुढच्या कोपऱ्यावर ब्रॅकेट करावा लागतो. आरशाचा दांडा दाराला असेल तर तो बिजागरीतून अर्थ होतो, आणि बिजागरीत ग्रीस असते. दांड्यापासून केबिनच्या पत्र्यापर्यंत तांब्याच्या विणलेल्या पट्टीने आखूड अर्थ द्या, १० सेंटिमीटरहून लांब नको. हौदा वर करून आणि खाली करून, दोन्ही वेळी अँटेनाला काही लागत नाही ना, ते उभे राहून बघा.

पोकलेनला टपावर दगड पडतात. तिथे आखूड, लवचिक अँटेना, बूमच्या विरुद्ध बाजूला.

टप फायबरचे आहे का, हे मॅग्नेट लावून दोन सेकंदांत कळते. मॅग्नेट चिकटले नाही तर दोनच उपाय आहेत: पत्र्याची गरज नसलेला अर्ध्या लहरीचा अँटेना, किंवा टपाच्या आत अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. पत्रा अँटेनाच्या पायापासून चारही बाजूंना पाव लहर हवा. म्हणजे यूएचएफला साधारण ३५ सेंटिमीटर व्यासाचा, आणि व्हीएचएफला जवळजवळ एक मीटर.

केबल

गाडीत आरजी-५८ ही बारीक केबल चालते, पण पाच मीटरला व्हीएचएफवर साधारण १ डेसिबल जाते आणि २५ चे २० वॅट उरतात. यूएचएफवर जवळजवळ २ डेसिबल, म्हणजे १६ वॅट. म्हणून लागते तेवढीच ठेवा, उरलेली सीटखाली गुंडाळून ठेवू नका. बेसच्या मास्टवर मात जाड केबलच हवी. आरजी-५८ हून जाड असलेल्या आरजी-२१३ वरही ३० मीटरला यूएचएफची ताकद तिसऱ्या हिश्श्यावर येते. तिथे एलएमआर-४०० किंवा अर्ध्या इंचाची हेलिअ‍ॅक्स घ्या. मास्टसाठी वाचवलेले पैसे सगळ्या गाड्यांना भोवतात, कारण सगळ्या गाड्या त्या एकाच अँटेनाचे ऐकतात.

कनेक्टर शक्यतो क्रिंप करा, म्हणजे खास पकडीने दाबून बसवा. पीएल-२५९ जातीच्या कनेक्टरला सोल्डर करताना जास्त तापवले की आतले प्लास्टिक वितळते, मधली तार सरकते आणि शॉर्ट होते. लावल्यावर मल्टिमीटरने दोन्ही टोके तपासा. बाहेरच्या प्रत्येक जोडावर आधी स्वतःत चिकटणारी रबरी टेप, मग तिच्यावर साधी टेप. केबल आत शिरण्याआधी खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकते.

वीज: सर्वांत जास्त बिघाड इथले

टिपर २४ व्होल्टचा, सेट १२ चा. मग एखादा वायरमन दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढून देतो. सेट लगेच चालतो आणि सगळे खूश होतात. पण ती एक बॅटरी रोज जास्त वापरली जाते आणि अल्टरनेटर दोघींना एकच करंट देतो. ती कधीच पूर्ण भरत नाही, दुसरी जादा भरून पाणी उकळवते, आणि काही महिन्यांत एका सकाळी सेल्फ मारला की गाडी उठत नाही. दोष वायरलेसवर येतो आणि बॅटरी बदलली जाते, चूक मात्र तशीच राहते.

२४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावा. २५ वॅटचा सेट बोलताना ७-८ अँपिअर घेतो, म्हणून कन्व्हर्टर सलग १५ अँपिअर देणारा हवा. डब्यावर 'पीक' म्हणून छापलेला आकडा मोजू नका. स्वस्त कन्व्हर्टर व्हीएचएफवर सतत खसखस पेरतो, तेव्हा एक आणून, बसवून, ऐकून मगच बाकीचे घ्या.

वायर थेट बॅटरीपासून आणा, सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून नको. ४ चौरस मिलिमीटरची वायर चार मीटर जाऊन परत येताना १० अँपिअरला अर्ध्या व्होल्टहून कमी उतरते. १.५ ची घेतली तर पूर्ण एक व्होल्ट जातो, आणि बोलायला बटण दाबले की सेट बंद-चालू होतो. पॉझिटिव्हला फ्यूज बॅटरीपासून एका वितीच्या आत हवा. सेटजवळचा फ्यूज सेटला वाचवतो. मधली वायर घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटण्यापासून बॅटरीजवळचाच वाचवतो. फ्यूज किती अँपिअरचा, ते पुस्तिकेत बघा.

टिपरची केबिन कामासाठी पुढे पाडली जाते. बॅटरी चासिसवर, सेट केबिनमध्ये. बिजागरीपाशी वायरला मोकळा वळसा सोडला नाही तर पहिल्याच सर्व्हिसिंगला ती ताणून तुटते. आणि हौद्याला पत्रा जोडायला वेल्डिंग करण्याआधी सेटची वीज आणि अँटेनाची केबल दोन्ही काढून ठेवायची, हे वेल्डरला सांगून ठेवा.

ट्यूनिंग

एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती ताकद परत येते ते दाखवणारा) सेट आणि अँटेना यांच्या मध्ये लावा. गाडी मोकळ्यावर, दारे बंद, आजूबाजूला शेड नको. कमी ताकदीवर, मिळालेल्या फ्रिक्वेन्सींपैकी खालची, मधली, वरची अशी मोजा. १.५ पर्यंत उत्तम, तिथे ४ टक्के ताकद परत येते. २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. तिथे सेट स्वतःला वाचवायला वॅट कमी करतो.

खालच्या फ्रिक्वेन्सीवर आकडा चांगला आणि वर वाईट, म्हणजे काडी लांब आहे. व्हीएचएफवर ३ मिलिमीटर कापले की साधारण १ मेगाहर्ट्झ सरकते. यूएचएफवर एकच मिलिमीटर जवळजवळ ३ मेगाहर्ट्झ सरकवतो, म्हणून तिथे कानस वापरा. उलटे असेल, तर काडी आखूड झाली आहे, नवी घ्या. आणि काहीही केले तरी आकडा ३ च्या खाली येत नसेल तर कापणे थांबवा. दोष काडीत नाही, अर्थमध्ये किंवा कनेक्टरमध्ये आहे.

नंतर खरखर. इंजिन बंद ठेवून दूरच्या गाडीला बोलायला लावा, मग इंजिन चालू करून तेच ऐका. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ म्हणजे अल्टरनेटर, आणि ती बहुधा सैल अर्थमुळे येते. वेगाशी संबंध नसलेली खसखस असेल तर एकेक करून एलईडी दिव्यांची पट्टी, मोबाईल चार्जर, डॅशकॅम बंद करत जा. अपराधी बहुतेक वेळा त्यातच सापडतो.

सुरुंगाच्या जागी

विजेच्या डिटोनेटरच्या तारा अँटेनासारख्या काम करतात. जवळ उभ्या गाडीतून बोलले तर त्यांत करंट येऊ शकतो. सुरुंग भरायला सुरुवात झाल्यापासून उडवून होईपर्यंत, ब्लास्टरने ठरवलेल्या हद्दीत कोणताही सेट चालू राहता कामा नये, हॅण्डसेटसुद्धा नाही. नुसते बोलू नका म्हणणे पुरेसे नाही, कारण जीपीएस असलेला डीएमआर सेट आपला ठावठिकाणा स्वतःहून पाठवत राहतो. सेट पूर्ण बंद. हद्दीच्या पाटीवर हे मराठीत आणि हिंदीत लिहा, आणि हद्दीबाहेर एक माणूस हॅण्डसेट घेऊन उभा ठेवा.

वापरात आणण्याआधी

एका बोलेरोत बसून नकाशावरच्या प्रत्येक खुणेवरून काट्याला बोला. पलीकडच्याने स्वच्छ, कष्टाने, नाही, यांपैकी एकच शेरा द्यायचा आणि तो नकाशावर लिहायचा. मग तीच फेरी भरलेल्या टिपरमधून, कारण उंच हौदा मागच्या बाजूला सावली टाकतो आणि बोलेरोत मिळालेले टिपरमध्ये मिळेलच असे नाही. जिथे 'नाही' आले त्या वळणांची यादी प्रत्येक केबिनमध्ये चिकटवा, म्हणजे ड्रायव्हर त्या वळणाच्या आधी बोलून घेईल.

मेअखेरीस, पाऊस लागण्याआधी, प्रत्येक गाडीचा एसडब्ल्यूआर पुन्हा मोजून बसवतानाच्या आकड्याशेजारी लिहा. १.३ चा १.८ झालेला दिसला तर जोड उघडा. टेपच्या आत हिरवट झालेले तांबे सापडले, तर तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर लावा. पाणी केबलच्या जाळीतून बरेच आत गेले असेल तर पूर्ण केबलच बदलावी लागते.